बाटलीवरचा चौकोन खरं-खोटं सांगतो का?

आईच्या थायरॉइडच्या गोळ्या छोट्या बाटलीत येतात. गेल्या महिन्यात नवी बाटली आणली, तेव्हा लेबलावरच्या काळ्यापांढऱ्या चौकोनावर बोट ठेवून ती म्हणाली, "हे मोबाइलला दाखवलं की औषध खरं की खोटं ते कळतं म्हणे. बघ गं जरा." मी कॅमेरा धरला. कंपनीचं नाव, बॅच क्रमांक, बनवल्याची तारीख, मुदत, सगळं पडद्यावर उमटलं. आईचं समाधान झालं. माझं झालं नाही, आणि का झालं नाही हे तिला समजावताना अख्खी दुपार गेली. त्या दुपारी जे बोलले तेच इथे जरा नीट लावून सांगते.

हा चौकोन म्हणजे क्यूआर कोड. तो १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत तयार झाला. मोटारींच्या कारखान्यात सुट्या भागांची नोंद पटापट व्हावी, एवढाच त्याचा हेतू होता. त्या ठिपक्यांमध्ये अक्षरं आणि आकडे लिहिलेले असतात. आपल्याला ते वाचता येत नाहीत, कॅमेऱ्याला येतात. म्हणजे ही एक लिपी झाली, कुलूप नव्हे. मी आईच्या बाटलीवरच्या चौकोनाचा फोटो काढला, तो छापून गोळीच्या जागी खडू भरलेल्या डबीवर चिकटवला, तरी मोबाइल तेच नाव आणि तीच तारीख दाखवील. पडद्यावर जे आलं ते लेबलावर आधीच साध्या अक्षरांत छापलेलं होतं. आपण तेच पुन्हा एकदा वाचलं, इतकंच.

केंद्र सरकारनं १७ नोव्हेंबर २०२२ रोजी औषध नियमांत बदल करून खपाच्या ३०० औषध-ब्रँडांवर असा कोड सक्तीचा केला. १ ऑगस्ट २०२३ पासून बनलेल्या मालाला तो लागू आहे. डोलो, कॅलपॉल, अ‍ॅलेग्रा अशी घरोघरची नावं त्या यादीत आहेत. कोडमध्ये औषधाचं मूळ नाव, ब्रँडचं नाव, कंपनीचं नाव-पत्ता, बॅच, दोन्ही तारखा, परवाना क्रमांक आणि उत्पादनाचा ओळख क्रमांक असावा लागतो. हे पाऊल चांगलंच आहे. जुन्या मालावरची मुदत खोडून नवी छापणारा यात सापडू शकतो, कारण छापलेली तारीख आणि कोडमधली तारीख जुळत नाही. पण एका बॅचमध्ये हजारो, कधी लाखो पट्ट्या निघतात आणि त्या सगळ्यांची ही माहिती एकच असते. प्रत्येक पट्टीला स्वतःचा वेगळा क्रमांक देण्याची सक्ती यात नाही. माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

दिसण्यावर भरवसा ठेवून काय होतं

मग छपाईच इतकी अवघड करू की नक्कल जमणार नाही, हा विचार फार जुना आहे. पाणचिन्ह, सुरक्षा धागा, तिरपं धरल्यावर रंग बदलणारी शाई, होलोग्राम ही सगळी त्याच घराण्यातली. यांचा उपयोग होतो, पण काही वर्षंच. आज जी छपाई फक्त मोठ्या कारखान्याला जमते ती उद्या गल्लीतल्या छापखान्याला जमू लागते. आणि ग्राहकाला खरा होलोग्राम कसा दिसतो हे ठाऊकच नसतं. चकचकीत काहीतरी दिसलं की त्याचं मन मानतं.

महाराष्ट्राला हा धडा तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्यानं शिकवला. अब्दुल करीम तेलगीला २००१ मध्ये अटक झाली आणि त्यानंतर जे उलगडत गेलं त्यातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: त्यानं नाशिकच्या सरकारी छापखान्यातली मोडीत काढलेली यंत्रं मिळवली होती. अस्सल स्टॅम्पपेपर छापणारी यंत्रंच हाती लागल्यावर नुसत्या डोळ्यांनी बघून बनावट ओळखायची कशी? बँका आणि विमा कंपन्यांनीही ते कागद घेतले. त्यानंतर ई-मुद्रांक रुजत गेला. त्याच्या प्रमाणपत्रावरही नक्षी असते, पण विश्वास त्या नक्षीवर नसतो. प्रमाणपत्राला एक क्रमांक असतो आणि तो क्रमांक घालून मूळ नोंद पाहता येते. कागद कितीही हुबेहूब केला, तरी नोंदवहीत तो क्रमांक त्याच नावावर आणि त्याच रकमेला नसेल तर कागदाला किंमत शून्य.

हा बदल नीट समजला की पुढचं सारं सोपं आहे. खरेपणाचा पुरावा वस्तूच्या अंगावरून उठून हिशोबाच्या वहीत गेला.

रेल्वेचा चार्ट

आईला मी रेल्वेच्या आरक्षणाचं उदाहरण दिलं. समजा, कुणी तुझ्या तिकिटाची झेरॉक्स काढून तीच घेऊन डब्यात चढला. दोन्ही कागद सारखे. पण बर्थ एकच आहे. दोघं समोरासमोर आले की भांडण होणार, तिकीट तपासनीस चार्ट उघडणार आणि ओळखपत्र मागणार. झेरॉक्सवाल्याला कागद करता आला, चार्टमध्ये दुसरा बर्थ वाढवता आला नाही.

वस्तूंच्या बाबतीत हेच करायला तीन गोष्टी लागतात. प्रत्येक नगाला वेगळा क्रमांक हवा, आणि तोही अंदाजानं ओळखता न येणारा. तो क्रमांक कुठेतरी नोंदलेला हवा. आणि क्रमांक वापरला गेला की त्याच्यापुढे फुली पडायला हवी. तिसरी गोष्ट लोक विसरतात. फुली पडत नसेल तर एकाच खऱ्या क्रमांकाच्या दहा हजार नकला छापता येतात आणि प्रत्येक नक्कल तपासणीत पास होते.

नायजेरियात बनावट औषधांचा सुळसुळाट झाला, तेव्हा तिथल्या औषध नियामक संस्थेनं, नाफडॅकनं, २०१० मध्ये याच तत्त्वाची योजना आणली. औषधाच्या खोक्यावर मोबाइल रिचार्ज कार्डासारखी खरवडायची पट्टी. खाली लपलेला क्रमांक साध्या एसएमएसनं पाठवायचा, उत्तर फुकट येतं. स्मार्टफोन नको, इंटरनेट नको. पट्टी आधीच खरवडलेली असेल तर घेणाऱ्याला दुकानातच शंका येते, आणि क्रमांक पूर्वी कुणी तपासला असेल तर यंत्रणेला ते कळतं. मला ही योजना फार आवडते, कारण ती ज्याच्या हातात साधा फोन आहे त्याला धरून आखली गेली.

युरोपीय संघानं ९ फेब्रुवारी २०१९ पासून जबाबदारी ग्राहकाकडून दुकानदाराकडे नेली. तिथे डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या बहुतेक औषधांच्या प्रत्येक खोक्यावर स्वतंत्र क्रमांक असतो. औषध देताना दुकानदार तो वाचतो, मध्यवर्ती नोंदीशी पडताळतो आणि तिथल्या तिथे बाद करतो. तोच क्रमांक दुसऱ्या दुकानात आला की इशारा मिळतो. आजारी माणसानं काहीच करायचं नाही. आमच्या घरी सत्तरीची आई चष्मा शोधत कोड तपासणार, ही अपेक्षा ठेवण्यापेक्षा हे मला जास्त माणुसकीचं वाटतं.

झाडं किती, आंबे किती

हिशोबाची ही युक्ती सगळ्यात सुंदर कुठे दिसते म्हणाल, तर देवगडच्या आंब्यात.

२०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. कायद्यानं नाव राखीव झालं, पण बाजारात पेटीवर 'देवगड हापूस' छापायला कुणाचा हात कोण धरणार? कर्नाटकातला आंबा त्याच पेट्यांतून विकला जातो ही बागायतदारांची जुनी तक्रार. म्हणून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेनं २०२५ च्या हंगामात प्रत्येक फळावर वेगळ्या क्रमांकाचा स्टिकर लावायला सुरुवात केली. क्रमांकाचा एक भाग वर दिसतो, एक आत लपलेला. स्टिकर काढायला गेलं की फाटतो, त्यामुळे एका आंब्यावरचा उचलून दुसऱ्यावर चिकटवता येत नाही. ग्राहकानं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून पडताळणी करायची.

पण माझ्या दृष्टीनं खरी मेख स्टिकरमध्ये नाही. ती स्टिकर वाटण्यात आहे. कुठल्या बागायतदाराकडे हापूसची किती कलमं आहेत आणि ती साधारण किती फळ देतात, यावरून त्याला स्टिकर मिळतात. कुणी बाहेरचा आंबा आणून आपल्या नावावर खपवायचा म्हटला तरी स्टिकर पुरणार नाहीत. बाग वाढत नाही तोवर क्रमांक वाढत नाहीत. घरचाच माणूस फसवणूक करू लागला तर ती कुठे अडते, याचा विचार इथे झाला आहे. मोठ्या कंपन्यांच्या चकचकीत योजनांमध्ये नेमका तोच विचार राहून गेलेला अनेकदा दिसतो.

बियाण्यांसाठी केंद्राची 'साथी' ही यंत्रणा एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली, तिचा गाभाही हाच. पैदासकार बियाण्यापासून पायाभूत, पायाभूतपासून प्रमाणित, अशी प्रत्येक पायरीची नोंद आणि पिशवीवर क्यूआर कोड. इतक्या एकरांच्या बीजोत्पादनातून इतकंच बियाणं निघू शकतं, ही मर्यादा कागदावर बांधली की जादा पिशव्या उघड्या पडतात. विदर्भ-मराठवाड्यात बोगस कपाशी बियाण्यानं काय होतं ते वेगळं सांगायला नको. औषध लागू पडलं नाही तर चार दिवसांत शंका येते. बियाणं खोटं निघालं हे बोंडं धरायच्या वेळी कळतं. तोवर खत, मजुरी, फवारणी सगळं मातीत गेलेलं असतं आणि पेरणीचा हंगाम परत येत नाही.

सोन्याची सहा अक्षरं

१६ जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२३ पासून तर हॉलमार्कच्या दागिन्यावर अक्षरं आणि आकडे मिळून सहा खुणांचा क्रमांक असल्याशिवाय तो विकता येत नाही. हा एचयूआयडी. तो लेझरनं कोरतात आणि प्रत्येक नगाचा वेगळा असतो. सोबत बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, त्रिकोणी चिन्ह आणि शुद्धता, म्हणजे २२ कॅरेटला ९१६, हजार भागांत नऊशे सोळा भाग सोनं. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला सक्तीतून सूट आहे.

सराफाच्या दुकानात बसूनच 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये ही सहा अक्षरं टाकून बघा. दागिन्याचा प्रकार, शुद्धता, तपासणी केंद्र आणि सराफाचा नोंदणी क्रमांक दिसतो. बहुतेक लोक 'क्रमांक सापडला' एवढं पाहून फोन खिशात ठेवतात. खरं तर दागिन्याचा प्रकार वाचायचा असतो. एखाद्या अंगठीचा खरा क्रमांक उचलून कमअस्सल पाटलीवर कोरला असेल, तर अ‍ॅप 'अंगठी' म्हणेल आणि हातात पाटली असेल. नक्कल तिथे पकडली जाते. क्रमांक खरा असणं वेगळं आणि तो याच वस्तूचा असणं वेगळं.

या क्रमांकामागे काय घडतं तेही सांगते, कारण कोडवर आपण विश्वास ठेवतो तो या कामामुळे. पूर्वी सोनार कसोटीच्या दगडावर सोनं घासून रेघेचा रंग बघत. आता तपासणी केंद्रात आधी क्ष-किरणांचा झोत टाकतात. प्रत्येक धातू त्या झोताला आपल्या ठरावीक पद्धतीनं उत्तर देतो, आणि त्यावरून प्रमाण कळतं. पण ही किरणं वरच्या पातळ थराचंच सांगतात. आत काय आहे त्यासाठी अग्निपरीक्षा असते, आणि ती शब्दशः आगीतलीच. दागिन्याचा बारीक कण खरवडून तोलतात, त्यात चांदी घालून शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि सच्छिद्र मुशीत भट्टीत ठेवतात. शिसं आणि तांब्यासारखे कमी मोलाचे धातू मुशीत जिरून जातात. उरलेल्या मण्यातली चांदी नायट्रिक आम्लात विरघळते. मागे राहतं ते निखळ सोनं, आणि ते पुन्हा तोलतात. ही पद्धत शेकडो वर्षांची आहे. नवं आहे ते तिच्या निकालाला दागिन्याशी कायमचं बांधणारं सहा अक्षरांचं बिरुद.

कुपी खरी, आत भलतंच

आता त्या प्रश्नाकडे येते ज्यानं माझी खरी झोप उडवली आहे. एप्रिल २०२१, कोविडची दुसरी लाट. रेमडेसिव्हिर या इंजेक्शनसाठी लोक रात्रभर रांगा लावत होते. तेव्हा बारामतीत पोलिसांनी एक टोळी पकडली. रेमडेसिव्हिरच्या वापरलेल्या रिकाम्या कुप्या गोळा करून त्यात पॅरासिटामॉल भरलं जात होतं. मार्च २०२४ मध्ये दिल्लीत कर्करोगाच्या महागड्या औषधांच्या रिकाम्या कुप्यांचा असाच धंदा उघड झाला. कुपी खरी, लेबल खरं, बॅच खरी. जगातला कुठलाही कॅमेरा ते लेबल वाचून 'अस्सल' असंच म्हणेल.

आपल्या पूर्वजांना हा धोका ठाऊक होता. शिवकालीन पत्रात वर मुद्रा असे आणि मजकूर संपला की तिथेच 'मर्यादेयं विराजते' हा मोर्तबाचा शिक्का. पत्र इथे संपलं, यापुढे कुणी ओळ वाढवली तर ती खोटी. शिक्कामोर्तब या शब्दात दोन कामं आहेत: कुणाचं आहे ते सांगणं, आणि नंतर कुणी हात लावला नाही याची खात्री देणं. आजचा क्यूआर कोड शिक्क्याचं काम करतो. मोर्तबाचं काम झाकणाचं सील करतं, एकदा उघडलं की पुन्हा न जुळणारं. युरोपच्या नियमात क्रमांकाबरोबर असं सीलही सक्तीचं आहे. आणि औषध दिलं त्याच क्षणी क्रमांक बाद झाला असेल, तर रिकामी कुपी पुन्हा बाजारात आली तरी तपासणीत अडकते.

नागपूरचं प्रकरण याहून वेगळं आणि जास्त अस्वस्थ करणारं. २०२४ मध्ये पोलिसांनी दाखल केलेल्या आरोपपत्रानुसार, सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत टाल्कम पावडर आणि स्टार्च होतं. लेबलावरची औषध कंपनी अस्तित्वातच नव्हती. इथे कुणी कशाची नक्कलही केली नव्हती, सगळंच कल्पनेतलं. अशा ठिकाणी कोड काय कामाचा? परवानाधारकांच्या यादीत ते नाव शोधणं आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवणं हाच उपाय. आणि झालंही तसंच. औषध निरीक्षकानं नमुना घेतला, तेव्हा हे बाहेर आलं.

म्हणून वस्तूलाच प्रश्न विचारणारं तंत्र मला अधिक मोलाचं वाटतं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं बीटी, म्हणजे बोंडअळीला तोंड देणारा जनुक घातलेली कपाशी, ओळखण्याची चाचणी-पट्टी तयार केली. बी किंवा पान कुटून, द्रावणात मिसळून, त्यात पट्टी बुडवायची. बीटीचं विशिष्ट प्रथिन असेल तर दुसरी रेघ उमटते, गर्भचाचणीच्या पट्टीसारखी. बियाणं उगवेल का किंवा वाण कोणता, हे ती सांगत नाही. पण जे सांगते त्यासाठी तिला लेबलाची गरज लागत नाही.

महागड्या वस्तूंत आता बारीक चिप बसवतात. तिच्या पोटात एक गुपित असतं, ते ती कधीच उघड करत नाही. फोन तिला दरवेळी नवा प्रश्न घालतो आणि ती त्या गुपिताच्या आधारे उत्तर तयार करते. कालचं उत्तर चोरून आज उपयोग नाही, कारण आजचा प्रश्न वेगळा. अशोकवनात सीतेनं हनुमंताजवळ चूडामणी दिला, आणि सोबत चित्रकूटावरच्या कावळ्याची गोष्टही सांगितली, जी तिला आणि रामालाच ठाऊक होती. दागिना चोरीला जाऊ शकतो, म्हणून मनातली खूण. चिप हेच करते.

ब्लॉकचेनचं नाव या विषयात फार घेतलं जातं. ती एक सामाईक खतावणी आहे: अनेकांकडे तिची प्रत असते आणि लिहिलेली ओळ मागाहून गुपचूप बदलता येत नाही. एकमेकांवर विश्वास नसलेल्या कंपन्यांना मिळून वही ठेवायची असेल तर उपयोगी. पण पहिली नोंदच खोटी केली, तर खतावणी ती खोटी नोंद प्रामाणिकपणे जपून ठेवते. देवगडला झाडं मोजायला माणूस बागेत जावाच लागतो.

आईनं शेवटी विचारलं, "मग मी करायचं काय?" मी तिला सांगितलं, ओळखीच्या दुकानातून पक्कं बिल घे आणि बिलावरचा बॅच क्रमांक बाटलीवरच्याशी जुळव. झाकणाचं सील तुटलेलं असेल तर परत कर. कोड वाचल्यावर एखादी अनोळखी वेबसाइट उघडून 'अस्सल' म्हणाली तर मानू नको, कारण खोटा माल करणारा खोटी वेबसाइटही करतो. गोळीची चव, रंग किंवा परिणाम बदललेला वाटला तर डॉक्टरांना दाखव आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार कर, बाटली टाकू नको.

तिनं ऐकून घेतलं. मग कपाटातून जुन्या रिकाम्या बाटल्या काढल्या, त्या ती हळद-मोहरी ठेवायला आणि उरलेल्या भंगारवाल्याला द्यायला साठवत असे. बारामतीची गोष्ट तिच्या डोक्यातून गेली नव्हती. बादलीत पाणी घेऊन ती बसली आणि एकेक लेबल भिजवून, नखानं खरवडून काढू लागली.